बोट बाहेर ठेवा

नेमबाजी म्हणजे डोळा, असं आपल्याकडे पक्कं ठरलेलं आहे. द्रोणाचार्यांनी अर्जुनाला काय दिसतं ते विचारलं, त्याची बोटं काय करतायत ते विचारलं नाही, आणि तेव्हापासून आपण सगळे पोपटाच्या डोळ्यातच अडकलोय. नरसीला परतवारीच्या गर्दीत फुग्यांच्या बंदुकीचा गाळा लागतो, तिथे उभं राहून बघा. प्रत्येक जण एक डोळा गच्च मिटतो, तोंड वाकडं करतो, आणि चापाला असा हिसका देतो की बादलीतला पोहराच वर ओढतोय. फुगा फुटला नाही की दोष बंदुकीला. (बंदुकीचा दोष असतोही, ते गाळेवाल्यालाच ठाऊक. असो.)

आमच्या भागात फौजेतून परतलेली माणसं बरीच आहेत. निजामाच्या काळात हिंगोलीला छावणी होती, आज राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 तिथेच आहे. म्हणजे बंदुकीची ओळख आम्हाला नवी नाही. पण या माणसांकडून आपण घेतलं काय? शाल-श्रीफळ देऊन सत्कार, कारगिलच्या गोष्टी आणि भरतीच्या पोरांना पहाटे पळवायचं काम. त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटात पंधरा-वीस वर्षांची जी सवय मुरलेली आहे, तिच्याबद्दल कुणी चकार शब्द विचारत नाही. माझं भांडण आहे ते इथे.

फौजेत रंगरूटाला तीन गोष्टी घोकून घेतात: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर ऑपरेशन. यातली 'शिस्त' म्हणजे आपली शाळेतली शिस्त नव्हे, शिस्त म्हणजे नेम. जुन्या मराठीतही शिस्त धरणे म्हणजे नेम धरणेच. आपण तो शब्द छडीच्या बाजूला नेऊन ठेवला, आणि मग निवृत्त सुभेदाराला बोलावतो ते पोरांवर ओरडायला! प्रत्यक्षात ही माणसं बंदूक हातात असताना अजिबात ओरडत नाहीत. आमच्या ओळखीतले एक माजी सुभेदार आहेत, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. ते शिकवताना आवाज इतका खाली आणतात की पुढे वाकून ऐकावं लागतं.

ते सांगतात ते साधं आहे. चापावर बोटाचं पहिलं पेर, तेही मधला मऊ भाग. दाब सरळ मागे, आणि हळूहळू वाढत जाणारा. बाकीची चार बोटं जागची हलायची नाहीत, कारण चाप दाबताना सगळी मूठ आवळायची ही माणसाची जन्मजात खोड. बार नेमका कुठल्या क्षणी होणार हे आपल्यालाही कळता कामा नये. कळलं, की खांदा आधीच दचकतो. आणि बार झाल्यावरही बोट क्षणभर तसंच दाबून धरायचं. सरावाला गोळी लागत नाही. रिकामी असल्याची खात्री केलेल्या बंदुकीच्या नळीवर एक नाणं ठेवायचं आणि ते न पाडता चाप दाबायचा.

बोटाला एवढं महत्त्व का, त्याचा हिशोब करून बघा. मागच्या आणि पुढच्या माशीत अर्धा मीटर अंतर धरलं आणि हिसक्याने पुढची माशी 1 मिलिमीटर सरकली, तर 100 मीटरवर गोळी 20 सेंटिमीटर बाजूला जाते. 10 मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. तिथे नुसती तीक्ष्ण नजर काय कामाची? 2012 ला लंडनमध्ये रौप्य मिळवणारा विजय कुमार फौजेतलाच. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे तर तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता, 2024 ला पॅरिसमध्ये त्याने 451.4 गुणांवर कांस्य घेतलं. त्याचे फोटो आपण फ्लेक्सवर लावले. त्याच चौकात शेजारी वाढदिवसाचे फ्लेक्स असतात, त्यावर कुणीतरी दादा पिस्तूल रोखून उभे, बोट थेट चापावर. सिनेमाच्या पोस्टरवरून उचललेली ऐट.

आणि हा नुसता ऐटीचा प्रश्न नाही. जिल्ह्यातल्या एका शाळेत 26 जानेवारीला शस्त्रांचं प्रदर्शन होतं. मुलं रायफल घेऊन फोटो काढत होती, नळी समोर बसलेल्या पहिलीच्या पोरांकडे, प्रत्येकाचं बोट चापावर, आणि व्यासपीठावरून टाळ्या. काकांनी पुढे होऊन नळी आभाळाकडे केली आणि "बोट बाहेर" एवढंच म्हणाले. त्यावर एक पाहुणे हसून म्हणाले, "अहो सुभेदार, रिकामी आहे ती!" लग्नात बार उडवणारेही हेच म्हणतात. 2019 च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्यात अशा हर्षफायरला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण बोट कुठे ठेवायचं हे कायदा शिकवत नाही. फौजी मात्र रिकाम्या बंदुकीलाही भरलेली समजतो. नळी कुणाकडे करायची नाही आणि निर्णय होईपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर सरळ, हे त्याला झोपेतही चुकत नाही.

काही जण म्हणतात, हे शिकवलं तर पोरं बंदुकीच्या नादी लागतील. नादी ती आधीच लागलीत हो, मोबाईल उघडून बघा. फक्त त्यांना शिकवणारा नट आहे, सुभेदार नाही. ज्याने नाणं न पाडता शंभर वेळा चाप दाबलाय, त्याला लग्नात हवेत बार काढण्यात काय मजा वाटणार? त्याला ते गलिच्छ काम वाटेल.

भरतीची तयारी करून घेणाऱ्या एका अकादमीत मी हे सुचवलं. आठवड्यातून एक तास, लाकडी रायफल चालेल, शिकवायला काका फुकट येतील. चालकांनी चहा दिला आणि म्हणाले, "सर, भरतीत त्याला मार्क नाहीत."

बरोबर आहे. पोलीस भरतीच्या मैदानात मार्क आहेत ते 1600 मीटरला, 100 मीटरला आणि गोळाफेकीला. रायफल हातात येते ती त्यानंतर.