बाप शाबीत करण्याचे ओझे आईच्याच माथी का?

यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवडा या तालुक्यांतल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, कुमारी मातांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, वर्तमानपत्रांत गाजला. सर्वेक्षणे झाली, पुनर्वसनाच्या घोषणा झाल्या. घरोघर फिरून आया मोजल्या. बाप किती मोजले? रस्त्याच्या कामावर आलेला ठेकेदार, बाजाराला येणारा व्यापारी, बदली होऊन गेलेला कर्मचारी, हे लग्नाचे वचन देऊन निघून गेले. त्यांची नावे कोणत्या सरकारी वहीत चढली?

कायदा नाही, ही सबब कोणी सांगू नये. आईबापाचे लग्न झालेले असो वा नसो, अज्ञान मुलाचे पोट भरणे बापाला चुकत नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये हे लिहिलेले होते, आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे. दरमहा 500 रुपयांची जुनी मर्यादा 2001 सालीच उठली. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असेही कायदाच म्हणतो. इतका उघड हक्क पोडापर्यंत पोहोचत नाही, कारण समोरचा माणूस बाप आहे हे आधी त्या मुलीने शाबीत करायचे!

आणि ते कसे करायचे? मूल कडेवर घेऊन ती कोर्टात उभी राहते. घरात कोलामी बोलणाऱ्या त्या मुलीवर वकिली मराठीतून प्रश्नांचा मारा होतो. एकत्र राहत होता याला पुरावा काय? रेशनकार्डावर नाव आहे का? फोटो आहे का? आणखी कोणाकोणाशी संबंध होते? हा शेवटचा प्रश्न भर कोर्टात विचारला जातो आणि ती मान खाली घालते. बाप तारखेला येतच नाही. त्याचा वकील येतो आणि पुढची तारीख घेऊन जातो. तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते. अशा चार तारखांनंतर ती येईनाशी होते आणि अर्ज निकाली निघतो. हा न्याय नव्हे, ही उघड छळवणूक आहे.

जमीनजुमल्याचा वाद असला की हाच कायदा किती उदार होतो! स्त्रीपुरुष दीर्घकाळ नवराबायकोसारखे राहिले तर लग्न झाले असेच धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली बद्रीप्रसाद खटल्यात सांगितले. पन्नास वर्षांच्या सहवासानंतर लग्नाचा साक्षीदार कुठून आणायचा, हा न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांचा विचार रास्तच होता. 2022 सालीही केरळच्या एका खटल्यात याच तत्त्वावर मुलाला वडिलोपार्जित मिळकतीत वाटा मिळाला. पण गावी लग्न झालेला माणूस जिच्या झोपडीत सहा महिने आला-गेला, तिच्यासाठी हे दार बंद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्याच 2010 च्या वेलुसामी निकालाने विवाहसदृश नात्याला अशा अटी घातल्या की फसवणारा विवाहित असेल तर फसलेली बाईच बाहेर पडते.

डीएनए चाचणी आहे ना, असे आम्हाला ऐकवले जाते. पण पितृत्व ठरवण्यासाठी रक्तचाचणी सरसकट होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली बजावले. लग्नातून जन्मलेल्या मुलावर कलंक येऊ नये म्हणून ते ठीकच होते. पण ज्या मुलाला लग्नाचे छत्रच नाही, त्याचे यातून कोणते रक्षण होते? माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारी हेच आपले वडील, असे सांगत त्यांच्याविरुद्ध रोहित शेखर 2008 साली दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तिवारी रक्त द्यायला नकार देत राहिले आणि अहवाल उघडला तो 2012 मध्ये. आईकडून माजी केंद्रीय मंत्र्याचा नातू असलेल्या रोहित यांची ही गत, तर पोडावरच्या मुलाने किती वर्षे थांबायचे?

खोटे आरोप होतील, भल्या माणसांची बदनामी होईल, ही ओरड आम्ही ओळखून आहोत. भल्या माणसाला एका चाचणीत निर्दोष सुटता येते. चाचणीला भितो तो कोण, हे सांगायला ज्योतिषी नको.

नाव सांगण्याची सक्ती मात्र कोणत्याही आईवर नको. बापाचे नाव न सांगताही अविवाहित आई मुलाची पालक होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये मान्य केले. महाराष्ट्राने 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव अनिवार्य केले. दोन्ही गोष्टींचे आम्ही स्वागत करतो. परंतु ज्या आईला बापाकडून मुलाचा हक्क हवा आहे, तिला एकटी सोडणे हा गुन्हा आहे. आई स्वतःच अल्पवयीन असेल तर बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा आहे. तिथे पोटगीवर भागवणारा पोलीस अधिकारी घरी बसवला पाहिजे.

सरकारने आता घोषणा बंद कराव्यात. आईने अर्ज करताच नागपूरच्या सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत फुकट चाचणी व्हावी. जो नमुना देणार नाही, तो बाप असे कायद्यानेच धरावे. आज ते न्यायाधीशाच्या मर्जीवर सोडलेले आहे. सुनावणी बंद खोलीत व्हावी, कोलामी जाणणारा दुभाषी असावा. पोटगी थकवणारा सरकारी नोकर असेल तर पगारातून कापा. ठेकेदार असेल तर त्याची बिले रोखा. बिले रोखण्याची ही अट घालायला विधेयकाचीही गरज नाही, बांधकाम खात्याने पुढच्या निविदेतच ती छापावी.