ओळख आधी की कर्तृत्व?

वेतनाचा आकडा ठरलेला नाही, मुलाखतीची तारीख कळवलेली नाही, काम नेमके कोणत्या कंपनीत आहे हेही सांगितलेले नाही. आणि तरीही उमेदवाराकडे पहिली मागणी होते ती दोन-तीन वरिष्ठांची नावे, हुद्दे आणि भ्रमणध्वनी क्रमांक यांची. ‘आधी रेफरन्स द्या, मग पुढचे बोलू,’ असे नोकरभरती करणारी एजन्सी सांगते. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतून चाकण, रांजणगाव, हिंजवडी येथे जाऊन ‘थर्ड पार्टी पे-रोल’वर काम करणाऱ्या तरुणांना हा अनुभव नवा नाही. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या मागणीत कंत्राटी श्रमिकाच्या आजच्या अवस्थेचे सारे चित्र सामावलेले आहे.

कायम नोकरीतील माणसाला साक्षीदार सहज मिळतो. कंत्राटी माणसाची गोष्ट वेगळी. तो काम करतो एका कंपनीच्या आवारात, वेतन घेतो दुसऱ्याकडून. ज्या अभियंत्याने त्याचे काम रोज पाहिले, तो कायद्याच्या भाषेत त्याचा मालक नाही. आणि जो कंत्राटदार मालक आहे, त्याने त्याचे काम कधी पाहिलेलेच नाही. निविदेची मुदत संपली की कंत्राटदार बदलतो, माणूस त्याच यंत्रावर राहतो. पाच वर्षांत तीन कंत्राटदार झाले, तर या माणसाने साक्षीला कोणाला उभे करावे? शिवाय सध्याच्या वरिष्ठाचे नाव दिले आणि एजन्सीने तडक दूरध्वनी केला, तर हा मुलगा दुसरी नोकरी शोधतो आहे हे त्या क्षणी उघड होते. कायम कर्मचाऱ्याच्या बाबतीत यातून नाराजी ओढवेल. कंत्राटी मुलाचे कंत्राट मात्र पुढच्या महिन्यात वाढेलच, याची शाश्वती कोणी द्यावी?

मग ही मागणी निवड होण्यापूर्वीच का? त्यामागे एक व्यवहारी कारण आहे आणि ते आपल्या तरुणांनी समजून घ्यावे. कंपनीत माणसे नेमण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्यांची नावे आणि क्रमांक ही भरती करणाऱ्या एजन्सीची खरी पुंजी असते. दहा उमेदवारांकडून तीन-तीन नावे घेतली, की तीस संभाव्य ग्राहकांची यादी विनामूल्य तयार होते. नोकरी एकालाही मिळाली नाही, तरी यादी हाती उरतेच. सर्वच संस्था असे करतात असे म्हणणे अन्यायाचे होईल; परंतु नोकरीचे नावही न सांगता जो आधी नावे मागतो, त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचा अधिकार उमेदवाराला आहे.

आता दुसरी बाजू. खोटी प्रमाणपत्रे आणि फुगवलेला अनुभव यांचा सुळसुळाट असताना मालकाने चौकशीच करू नये, असे कोणी म्हणणार नाही. चौकशीची परंपरा आपल्याला परकीही नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या सैन्यात नव्याने दाखल होणाऱ्याला आधीपासून चाकरीत असलेल्यांचा जामीन द्यावा लागे, असे इतिहासकारांनी नोंदवले आहे. परंतु ती व्यवस्था आणि आजचा ‘रेफरन्स’ यांत मोठे अंतर आहे. तेथे जामीन घेणारे स्वराज्य शिपायाच्या वेतनाची जबाबदारीही घेत होते; जामीन राहणाराही स्वतःची पत पणाला लावत होता. विश्वास दोन्ही बाजूंनी बांधलेला होता. आज नाव मागणारा कशालाच बांधील नाही, सारा धोका मात्र मागणी पुरी करणाऱ्याच्या माथी आहे.

या प्रश्नाला मराठवाड्यात आणखी एक पदर आहे. ‘लातूर पॅटर्न’ने या मागास समजल्या गेलेल्या भूमीला काय दिले? अनोळखी परीक्षक अनोळखी मुलाची उत्तरपत्रिका तपासतो आणि तेथे वडील कोण, मामा कोण, हे कोणी विचारत नाही, हा विश्वास दिला. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाने त्याच विश्वासावर अभियांत्रिकीची आणि वैद्यकशास्त्राची दारे उघडली. नांदेडची श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था असो वा १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ असो, तेथे घराण्यातील पहिला पदवीधर म्हणून शिकलेल्या मुलाजवळ गुणपत्रिका असते, कसब असते. फक्त मोठ्या साहेबांचे क्रमांक नसतात. गुणांनी उघडलेले दार ओळखीच्या कुलपाने पुन्हा बंद होणार असेल, तर हा प्रश्न एका उमेदवाराचा राहत नाही, तो सामाजिक समरसतेचा होतो. ऊसतोड मजुराला मुकादमाच्या ओळखीवाचून काम मिळत नाही, ही आपल्या भागाची जुनी व्यथा. त्याच मजुराच्या शिकलेल्या मुलासमोर नवा मुकादम उभा राहू नये.

कंत्राटी पद्धतीविषयी समाजमनात किती अस्वस्थता आहे, हे २०२३ मध्ये राज्याने पाहिले. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याची वाट मोकळी झाली. तरुणांत असंतोष उसळला आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय रद्द करावा लागला. शासनाने पाऊल मागे घेतले हे योग्यच झाले. खासगी क्षेत्रातील कंत्राटी तरुणासाठी मात्र असा आवाज उठत नाही, कारण तो विखुरलेला आहे.

कायदा त्याच्या बाजूने अगदीच मुका नाही. कंत्राटी कामगार अधिनियम १९७० चा. त्याखालील १९७१ च्या केंद्रीय नियमांतील ७७ व्या नियमाने काम संपताच कामगाराला सेवा प्रमाणपत्र देणे कंत्राटदारावर बंधनकारक केले होते. किती कंत्राटदारांनी ते दिले, हे ज्याने त्याने मनाशी आठवावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेच्या ५६ व्या कलमानुसार कंत्राटी कामगाराने मागणी केल्यास कंत्राटदाराने त्याला अनुभव प्रमाणपत्र दिले पाहिजे. ‘मागणी केल्यास’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. न मागणाऱ्याला मिळणार नाही. याच संहितेने नियुक्तिपत्रही आवश्यक ठरवले आहे. शिवाय भविष्य निर्वाह निधीच्या युएएन क्रमांकावर कोणत्या आस्थापनेने कोणत्या काळात वर्गणी भरली, याची नोंद राहते. मालकाला पडताळणीच करायची असेल, तर कोणाच्याही वरिष्ठाला न उठवता ती या कागदांवरून बऱ्याच अंशी करता येते.

तेव्हा क्रम स्पष्ट असावा. आधी कामाचे स्वरूप आणि कंपनीचे नाव, मग परीक्षा व मुलाखत, मग वेतनासह लेखी प्रस्ताव, आणि पडताळणी सर्वांत शेवटी, उमेदवाराच्या संमतीने. तरुणांनीही नम्रपणे पण ठामपणे एवढेच म्हणावे : निवड झाल्यावर नावे देईन, आणि ज्यांची नावे द्यायची त्यांना आधी विचारून देईन. दुसऱ्याचा क्रमांक परस्पर वाटणे हा त्याच्या विश्वासाचाही भंग आहे.

लातूरच्या रेल्वे डबे कारखान्याचे भूमिपूजन ३१ मार्च २०१८ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२० रोजी तेथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. त्याच्या आधाराने पूरक उद्योग उभे राहतील, तेव्हा भरतीची रीत कोणती असेल, हे आजच ठरवायला हवे. भारतीय मजदूर संघाचे संस्थापक श्रद्धेय दत्तोपंत ठेंगडी यांनी उद्योगांच्या श्रमिकीकरणाचा आग्रह धरला, तो श्रमिक हा उद्योगाचा घटक आहे, भाड्याने आणलेले अवजार नव्हे, या भूमिकेतून. लघुउद्योग चालवणाऱ्या आपल्या बंधूंनी कंत्राटी माणूस निघताना त्याच्या हाती न मागता अनुभव प्रमाणपत्र ठेवावे. जिल्ह्याजिल्ह्यांतील मजदूर संघाच्या कार्यकर्त्यांनी प्रमाणपत्र मागण्याचा साधा अर्ज तरुणांना लिहून द्यावा. आणि निवृत्त अभियंते, प्राध्यापक, अधिकारी यांनी, ज्यांच्यामागे कोणी नाही अशा मुलांचे काम प्रत्यक्ष पाहून, खरे तेवढेच सांगणारे साक्षीदार व्हावे.

पद्मभूषण डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये लातुरात विवेकानंद रुग्णालय उभे केले, तेव्हा त्यांच्याजवळ कोणा बड्या नावाची शिफारस नव्हती. कामाने नाव मिळवले. आपल्या मुलांनाही तीच संधी हवी आहे. ओळख ही कर्तृत्वाची पावती असावी, प्रवेशशुल्क नव्हे.