जुनी सीएनजी गाडी घेताना

विष्णुपुरी म्हटले की पूर्वी गोदावरीवरील धरण तेवढे डोळ्यांसमोर येत असे. आज तेथे विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी संस्था आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. भोवतालच्या वसतिगृहांना, खानावळींना आणि औषधी दुकानांना नांदेडच्या पेठेतून रोज माल पोहोचवावा लागतो. अशा फेऱ्यांसाठी वापरलेली, सीएनजीवर चालणारी लहान मालवाहू गाडी घ्यावी, हा विचार व्यापारी कुटुंबांत सहज येतो. विचार गैर नाही. मात्र बँकेत तारण तपासताना आम्ही कागद आधी आणि वस्तू नंतर पाहत असू. येथेही तोच क्रम हिताचा आहे.

प्रथम नोंदणी पुस्तिका पाहावी. इंधनाच्या रकान्यात सीएनजीची नोंद आहे काय? गॅसकिट मागाहून बसवले आणि नोंद केली नाही, तर ती गाडी नियमबाह्य ठरते व विम्याचा दावा अडचणीत येतो. दुसरी गोष्ट कर्जबोजाची. हप्ते फिटले तरी वित्तसंस्थेचे नाव पुस्तिकेवर राहतेच. ते उतरवण्यासाठी तिचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ लागतो. ‘कर्ज केव्हाच फिटले’ हे विक्रेत्याचे शब्द पुरेसे नाहीत. मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्रही हवे. आठ वर्षांपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. दंडाची थकीत ई-चलनेही गाडीच्या क्रमांकावरून पाहून घ्यावीत. गाडी तेलंगणातून आलेली असेल, तर तेथील परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, मिळाल्याखेरीज विसार देऊ नये.

कागद नीट असतील तर टाकीकडे वळावे. टाकीत वायू सुमारे २०० बार इतक्या दाबाने भरलेला असतो. म्हणून दर तीन वर्षांनी तिची पाण्याच्या दाबाची चाचणी बंधनकारक आहे, आणि ती मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते. ही मान्यता देणाऱ्या केंद्रीय स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. वायू भरण्याच्या तोंडाजवळील पट्टीवर टाकीचा क्रमांक व चाचणीची तारीख असते. तो क्रमांक प्रत्यक्ष टाकीवरील क्रमांकाशी आणि चाचणीच्या दाखल्याशी ताडून पाहावा. टाकीवर पोचा, खोल ओरखडा किंवा गंज दिसला तर किमतीची घासाघीस न करता सौदा सोडावा. जोडांवर साबणाचे पाणी लावले असता बुडबुडे आले, तर गळती आहे असे समजावे. काडी ओढून पाहण्याचे धाडस कोणी करू नये.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. आपण पोहोचण्याआधीच गाडी तापवून ठेवली असेल, तर सकाळी चालू होताना होणारा त्रास लपलेला असू शकतो. गाडी दोन्ही इंधनांवर चालत असेल तर दोन्हींवर आणि तीही माल भरून चालवून पाहावी. चढावर ती दम टाकते काय, पेट्रोलवरून गॅसवर जाताना झटका देते काय, हे ध्यानात घ्यावे. मालवाहू गाडीचा खरा इतिहास साठ्याच्या सांगाड्यावर आणि पाट्यांवर उमटलेला असतो. तेथे वेल्डिंगचे ठिगळ दिसले तर जादा भार वाहिल्याची शंका घ्यावी. आपल्या ओळखीचा, विक्रेत्याशी संबंध नसलेला मिस्त्री सोबत असावा. त्याची मजुरी हा वाया गेलेला खर्च नव्हे.

रक्कम बँकेतून द्यावी. व्यवसायासाठी घेतलेल्या मालमत्तेपोटी एका दिवशी एका व्यक्तीला दहा हजारांहून अधिक रोख दिल्यास ती रक्कम घसाऱ्याच्या हिशेबात धरली जात नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो, कारण तीच सर्वाधिक टाळली जाते. नमुना २९ व ३० भरून नाव बदलून घेणे म्हणजेच खरी खरेदी. राज्यांतर्गत व्यवहारात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवायचे असते. विमा आपल्या नावे करण्यासाठीही १४ दिवसांत अर्ज करावा. मागील मालकाची दावामुक्त सवलत मात्र आपल्याला मिळत नाही.

हा नियम विकणाऱ्यालाही तितकाच लागू आहे. अपघातानंतरच्या भरपाईसाठी नोंदणीवर ज्याचे नाव आहे तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. त्या प्रकरणातील गाडी अनेक हातांतून पुढे गेली होती, तरी दायित्व कागदावरील पहिल्या मालकाकडेच आले. आपल्या पेढ्यांवर शब्दाला मोल आहे आणि ते राहावे. परंतु कोऱ्या नमुन्यावर सही करून गाडी सोपवणे म्हणजे शब्द पाळणे नव्हे. उद्याच्या अपघाताची जबाबदारी आजच आपल्या नावे ठेवून घेणे होय. म्हणून घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने सोबत जाऊन नावबदलाचा अर्ज दाखल करावा, पोच घ्यावी आणि मगच किल्ली हातात द्यावी.