सायकलची सीट आणि न बोललेले दुखणे

एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला आणि परळ-प्रभादेवीकरांचे अंतराचे गणित बदलले. वाहनांना आता करी रोडच्या, चिंचपोकळीच्या नाहीतर दादरच्या टिळक पुलावरून वळसा घ्यावा लागतो. टॅक्सी मिळाली तरी ती गर्दीत अडकते. अशा दोन-तीन किलोमीटरच्या प्रवासाला सायकलीइतके सोयीचे वाहन नाही, हे इथल्या पाववाल्यांना, दूधवाल्यांना आणि डबेवाल्यांना कुणी सांगायला नको. पण रस्त्यावरच्या या सायकलस्वारांत बायका किती? पहाटे मरिन ड्राइव्हकडे जाणारे हौशी गट सोडले, तर बोटांवर मोजण्याइतक्या.

याची मोठी कारणे उघड आहेत. रस्ता सुरक्षित नाही, सायकलीला स्वतंत्र जागा नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात सायकल मार्गिका होत्या, त्याही काढून रस्ता रुंद करण्याचा निर्णय एमएमआरडीएने २०२५ मध्ये घेतला. दुसरीकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे सायकल थोडी स्वस्त झाली, पण ती चालवायची कुठे हा प्रश्न राहिला. या चर्चेत एक कारण मात्र कधीच येत नाही, कारण ते बोलायला अवघड वाटते. अनेक मुली आणि स्त्रिया सायकल सोडतात, कारण सीटवर बसणे त्यांना सहन होत नाही.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत ही तक्रार सरळ कुणी सांगत नाही. ‘जांघेत काचतंय’, ‘लघवीला जळजळतंय’, ‘खाली बधिर झाल्यासारखं वाटतं’ अशी ती आडवळणाने येते. कधीपासून, असे विचारले की सायकलीचा विषय निघतो. वजन कमी करायला किंवा साखर आटोक्यात आणायला चालणे, सायकल चालवणे असा सल्ला आम्ही डॉक्टर सर्रास देतो. पण कोणत्या सीटवर, कशा उंचीवर, याबद्दल क्वचितच बोलतो. मग महिन्याभरात सायकल जिन्याखाली जाते आणि ‘मला जमत नाही’ असे ती बाई स्वतःलाच सांगू लागते. दोष बहुतेक वेळा तिचा नसतो.

दुखते का?

आपण खुर्चीवर बसतो तेव्हा शरीराचे वजन कुल्ल्यांतल्या दोन हाडांवर येते. कडक बाकावर बसून हात खाली घातला तर ही हाडे बोटांना लागतात. वजन पेलण्यासाठीच ती घडलेली आहेत. सायकलीवरही वजन याच दोन हाडांवर यायला हवे. ते तिथून सरकून पुढच्या मऊ भागावर, म्हणजे योनीच्या आणि लघवीच्या जागेच्या आसपास आले, की त्रास सुरू होतो. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या जातात, म्हणून मुंग्या येतात, बधिरपणा येतो. त्वचा घासली जाते, म्हणून सूज आणि जखमा होतात.

स्त्रियांचा कटिभाग बाळंतपणाच्या दृष्टीने पुरुषांपेक्षा पसरट असतो. पुढच्या जघनास्थीची कमान रुंद असते आणि बसण्याच्या दोन हाडांतले अंतर सरासरीने जास्त असते. पुरुषांच्या मापाची अरुंद सीट दिली, तर ही हाडे सीटच्या कडेबाहेर जातात आणि सगळे वजन मधल्या मऊ भागावर येते. मात्र ‘सरासरीने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अनेक स्त्रियांची हाडे जवळ असतात, अनेक पुरुषांची दूर असतात. त्यामुळे ‘लेडीज सीट’ अशी चिठ्ठी लावलेली कोणतीही रुंद सीट प्रत्येकीला मानवेलच असे नाही. जास्त रुंद सीट मांडीच्या आतल्या बाजूला घासत राहते.

जाड मऊ गादीचाही असाच गैरसमज आहे. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिलेली फुगीर जेलची सीट छान वाटते. पण अर्ध्या तासाने हाडे त्या मऊपणात रुततात आणि मधला भाग वर येऊन नाजूक जागेवरच दाबतो. थोडी घट्ट, पण मापाची सीट लांब अंतराला जास्त सुखाची ठरते.

शास्त्र काय सांगते?

या विषयावरचे संशोधन उशिरा सुरू झाले आणि अजूनही थोडेच आहे. २००२ मध्ये बेल्जियममधल्या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्पर्धेत उतरणाऱ्या सहा सायकलपटू स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षांच्या सरावानंतर त्यांच्या जननेंद्रियाच्या एका बाजूला कायमची सूज आली होती. २०१२ मध्ये अमेरिकेतील ४८ स्पर्धक स्त्रियांच्या अभ्यासात दिसले की, हँडल सीटपेक्षा खाली असेल तर पुढच्या भागावरचा दाब वाढतो आणि तिथली संवेदना कमी होते. ब्रिटनची पॅरालिम्पिक सायकलपटू हॅना डाइन्स हिला सीटमुळे झालेल्या सुजेसाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. २०१९ मध्ये तिने त्यावर उघडपणे लिहिले, तेव्हा कुठे या गोष्टीची जाहीर चर्चा झाली.

हे वाचून घाबरू नये. ही उदाहरणे आठवड्याला शेकडो किलोमीटर चालवणाऱ्यांची आहेत. २०१८ मध्ये तीन हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत पोहणाऱ्या आणि धावणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत सायकल चालवणाऱ्यांचे लैंगिक आरोग्य किंवा लघवीवरचे नियंत्रण वाईट आढळले नाही. लघवीचा संसर्ग, बधिरपणा आणि सीटने होणाऱ्या जखमा मात्र त्यांच्यात जास्त होत्या. सायकल आरोग्याला चांगलीच आहे. त्रास सीटचा आणि बसण्याच्या पद्धतीचा आहे, आणि तो बराचसा टाळता येतो.

आणखी एक भीती घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात असते, ती कौमार्यपटलाची. हा पातळ पडदा प्रत्येकीत वेगळा असतो, काहींत जन्मतःच नसल्यासारखा असतो. त्याच्या स्थितीवरून मुलीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये अशा तपासण्यांना शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट सांगितले आहे. या कारणासाठी मुलीची सायकल बंद करणे अन्यायाचे आहे.

मापाची सीट कशी ओळखावी?

घरच्या घरी माप घेता येते. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक स्टुलावर किंवा पायरीवर ठेवा. पातळ कपड्यांत त्यावर बसा, टाचा थोड्या उचला आणि किंचित पुढे झुका. मिनिटभराने उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांतले अंतर मोजा आणि त्यात दोन ते तीन सेंटीमीटर मिळवा. सीटच्या मागच्या भागाची रुंदी साधारण एवढी असावी. साध्या सायकलीवर ताठ बसून बाजारहाट करणारीला थोडी जास्त रुंद सीट चालते. खाली वाकून वेगाने चालवणारीला अरुंद आणि मध्ये खाच किंवा पोकळी असलेली सीट बरी पडते.

नवी सीट घेण्याआधी आहे तीच नीट बसवून पाहा. त्याला एक पाना आणि दहा मिनिटे लागतात.

उंची : पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघा थोडा वाकलेला राहतो. सीट उंच असली की कंबर डावी-उजवीकडे हलते आणि काचते. फार खाली असली तर गुडघे दुखतात.

कल : गवंड्याची पाणसळ ठेवून सीट सपाट करा. पुढचे टोक वर असेल तर ते थेट नाजूक भागात रुतते. ते एक-दोन अंश खाली केले तरी अनेकींना फरक पडतो. मात्र जास्त खाली केल्यास शरीर पुढे घसरते आणि मनगटे दुखू लागतात.

हँडल : रोजच्या वापराला ते सीटच्या बरोबरीने किंवा थोडे वर असावे.

मुंबईच्या दमट हवेत कपड्यांकडेही लक्ष हवे. जीन्सची जाड शिवण नेमकी नको तिथे येते. सुती, बिनशिवणीची किंवा सपाट शिवणीची अंतर्वस्त्रे घाला. घरी आल्यावर घामट कपडे लगेच बदला आणि लघवीला जाऊन या. पाळीच्या दिवसांत पॅडची कड घासत असेल तर ते दिवस सोडले तरी बिघडत नाही. रजोनिवृत्तीनंतर तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, म्हणून पन्नाशीनंतर सुरुवात करणाऱ्यांनी अंतर हळूहळू वाढवावे. बाळंतपणाचे टाके पूर्ण भरेपर्यंत थांबावे. आणि खाज सुटली म्हणून औषधाच्या दुकानातून स्टेरॉईड मिसळलेले मलम आणून लावू नये. त्याने चार दिवस बरे वाटते आणि मग नायटा पसरतो.

सायकलीवरून उतरल्यावरही बधिरपणा काही तास राहिला, एका बाजूला गाठ किंवा सूज आली, फोड पिकला, लघवीला जळजळ झाली, लघवीतून रक्त गेले किंवा ताप आला, तर डॉक्टरांकडे जा आणि सायकलीचा उल्लेख करा. संकोच वाटला तर बाई डॉक्टर मागून घ्या.

ज्यांना सायकल मिळते त्यांच्यासाठी

हा प्रश्न हौशी सायकलस्वारांपुरता नाही. महाराष्ट्राच्या मानव विकास कार्यक्रमात २३ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल मिळते. २०२२ मध्ये त्यासाठीची रक्कम ३५०० वरून ५००० रुपये झाली. अशा योजनेचे मोल मोठे आहे. बिहारमध्ये २००६ पासून मुलींना सायकली दिल्यावर माध्यमिक शाळेतील त्यांचे प्रवेश ३२ टक्क्यांनी वाढल्याचे अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात दिसले. तामिळनाडूतील पुदुकोट्टईत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेत लाखभर स्त्रिया सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेशा नव्हत्या, म्हणून त्यांनी पुरुषी सायकली चालवल्या. पुढच्या दांड्यावर मूल बसवता येते म्हणून काहींना त्याच बऱ्या वाटल्या. गरज असली की बायका गैरसोयीतूनही वाट काढतात. पण म्हणून ती गैरसोय तशीच ठेवायची का?

आठवीतली मुलगी बारावीपर्यंत वाढते, तिची उंची आणि हाडे बदलतात. सायकल देताना सीटची उंची आणि कल एकदा लावून दिला, दर वर्षी शाळा सुरू होताना तो पुन्हा पाहिला आणि गावच्या सायकलवाल्याला त्यासाठी शाळेत बोलावले, तर खर्च फारसा येणार नाही. शालेय आरोग्य तपासणीत उंची-वजनाबरोबर ‘सायकलवर बसताना दुखतं का?’ हा एक प्रश्न वाढवता येईल. तो शिक्षिकेने किंवा परिचारिकेने एकांतात विचारावा.

मुंबईत आपण मार्गिका मागत राहू, त्या मागायलाच हव्यात. तोपर्यंत घरातल्या मुलीची, सुनेची, आईची सायकल जिन्याखाली धूळ खात असेल, तर तिला कारण विचारून पाहा. उत्तर ‘बसवत नाही’ असे आले, तर आधी पाना घ्या.