ऑर्डर लेखी, नोकरी मात्र तोंडी

भिलाईचा पोलाद कारखाना 1955 सालच्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला आणि 1959 च्या फेब्रुवारीत त्याची पहिली झोतभट्टी पेटली. त्याच्या आश्रयाने नंदिनी रोड, हथखोज या भागांत ओतशाळा, लेथची वर्कशॉपे, फॅब्रिकेशनच्या शेड वाढल्या. या लहान उद्योजकाला मोठ्या कारखान्याकडून काम मिळते ते लेखी. मालाचा दर्जा, माप, दर, पोचवण्याची मुदत, उशिराबद्दलची कपात ही सारी कलमे कागदावर असतात, आणि तो कागद हाती आल्यावाचून शहाणा मालक लोखंडाचा तुकडाही कापीत नाही. मात्र वेल्डरला कामावर घेताना त्याच मालकाला ‘उद्यापासून ये’ एवढे शब्द पुरेसे वाटतात.

या तोंडी व्यवहाराची किंमत कोण मोजतो? 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षात 240 दिवस काम केलेल्या कामगाराला नोटीस व भरपाईवाचून कमी करण्यास मनाई केली. परंतु 240 दिवस भरल्याचे सिद्ध करण्याचा भार कामगारावर आहे आणि त्याचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र त्यासाठी पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली हदिमानी खटल्यात म्हटले. हजेरीपट मालकाच्या कपाटात आणि पुराव्याचा भार कामगाराच्या डोक्यावर! ज्याच्याजवळ नेमणुकीचा कागदच नाही, त्याच्यासाठी किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, अपघाताची भरपाई हे सारे हक्क कारखान्याच्या फाटकाबाहेरच राहतात.

भिलाईला हे नव्याने सांगावे लागत नाही. 1990 पासून येथील खाजगी कारखान्यांतील ठेकेदारी कामगार छत्तीसगढ मुक्ती मोर्चाच्या झेंड्याखाली लढले. जगण्यापुरते वेतन, कायम नोकरी आणि संघटनेची मान्यता या त्यांच्या मागण्या होत्या. 28 सप्टेंबर 1991 रोजी त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांचा भिलाईत खून झाला. 1 जुलै 1992 रोजी पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला व किमान 16 कामगार मृत्युमुखी पडले. ‘आम्ही या कारखान्याचे कामगार आहोत, हे मान्य करा’ एवढेच त्या लढ्याच्या मुळाशी होते.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी नेमणूकपत्र बंधनकारक केले, याचा गाजावाजा पुष्कळ होतो. परंतु त्या संहितेतील ‘आस्थापना’ सामान्यतः 10 कामगारांपासून सुरू होते. पाच-सात माणसे राबवणारे वर्कशॉप त्यातून सुटते. शिवाय स्थायी आदेशांसाठीची कामगारसंख्येची मर्यादा 100 वरून 300 वर नेली गेली. म्हणजे एका हाताने कागद दिला आणि दुसऱ्या हाताने संरक्षण काढून घेतले.

लहान मालक म्हणतो, ‘आम्ही घरच्यासारखे आहोत, कागद कशाला?’ त्याची अडचण खोटी नाही. बिले थकतात, ऑर्डरी अनियमित येतात. परंतु पगार, कामाचे तास, ओव्हरटाइमचा दर, सुट्टी, उचल आणि नोटिशीची मुदत एका पानावर लिहिण्यास भांडवल लागत नाही. कारागीर अचानक सोडून गेला किंवा उचलीवरून वाद झाला, तर तोच कागद मालकाच्याही उपयोगी पडतो.

अर्थात कोणताही कागद चालेल असे नव्हे. कोऱ्या कागदावर घेतलेली सही, तीन-तीन महिन्यांची नेमणूक, कामगाराला न वाचता येणारी इंग्रजी कलमे ही फसवणूकच होय. पत्र कामगाराच्या भाषेत असावे आणि त्याची प्रत त्याच्या हाती पडावी.

सभासदांनी या मागणीला क्षुल्लक समजू नये. प्रत्येक लहान वर्कशॉप, दुकान व छापखान्यातील कामगारांची यादी करून नेमणूकपत्रांची मागणी संघटितपणे मांडली पाहिजे. सहकारी संस्था, ग्रंथभांडारे, कचेऱ्या जेथे जेथे आपल्या साथींच्या हाती आहेत, तेथे हे पत्र सर्वप्रथम दिले गेले पाहिजे. जे आपण आपल्या शिपायाला देत नाही, ते मालकाकडे कोणत्या तोंडाने मागणार?