चुना भिजवणाऱ्यांच्या उत्तराला शून्य का?

"तुमच्या पोरांना सायन्स झेपत नाही, आर्ट्सला टाका." उमरीपासून नांदेडपर्यंत आमच्या वस्त्यांतील कितीतरी आईबापांनी हे वाक्य ऐकले आहे. आमचा सवाल सरळ आहे. झेपत नाही हे ठरवले कोणी, आणि कशावरून? उत्तरपत्रिकेवरून, असे सांगितले जाते. ठीक आहे, मग आज उत्तरपत्रिकाच तपासू या.

दहावीच्या विज्ञान भाग 1 चा पेपर 40 गुणांचा आणि दोन तासांचा. त्यात आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे ही प्रकरणे रसायनशास्त्राची. 'शास्त्रीय कारणे लिहा' हा प्रश्न दोन गुणांचा. आपल्या मुलांची अकरावी सायन्स किंवा पॉलिटेक्निक याच दोन-दोन गुणांवर अडते.

गेल्या वर्षी वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही मुलांच्या सराव परीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका गोळा केल्या. एका शाळेत प्रश्न होता : कळीचा चुना पाण्यात टाकल्यास काय होते, ते सकारण लिहा. गुण दोन. बांधकामावर जाणाऱ्या बापाच्या मुलीने लिहिले : "चुना रटरट शिजतो, बादलीला हात लावला तर चटका बसतो. चुना अन् पाणी मिळून एकच नवा पदार्थ होतो आणि त्यातून गरमी बाहेर पडते." गुण मिळाले शून्य. शेजारी लाल शाईने शेरा : 'पुस्तकाप्रमाणे लिहा'.

त्याच गठ्ठ्यात दुसरे उत्तर होते : "ही संयोग अभिक्रिया आहे. ही उष्मादायी अभिक्रिया आहे, कारण यात उष्णता शोषली जाते." त्याला दीड गुण! उष्मादायी म्हणजे उष्णता बाहेर देणारी. उष्णता शोषणारी ती उष्माग्राही. म्हणजे शब्द पाठ असलेल्याचे चुकीचे कारण खपले, आणि जिने अभिक्रिया डोळ्यांनी पाहून बरोबर सांगितली ती नापास. याला रसायनशास्त्राची परीक्षा म्हणायचे की पाठांतराची?

आता आम्ही गुण कसे देऊ ते सांगतो. निरीक्षण बरोबर, अर्धा. दोन पदार्थांपासून एकच पदार्थ तयार झाला हे ओळखले, अर्धा. उष्णता बाहेर पडते हे सांगितले, अर्धा. 'संयोग', 'उष्मादायी' या संज्ञा आणि समीकरण लिहिले नाही, म्हणून उरलेला अर्धा कापला. मुलीचे दोनपैकी दीड गुण. कारण चुकवणाऱ्याला संज्ञांचा अर्धाच.

यावर कोणी म्हणेल, यांना दयेचे गुण हवेत. नकोत! पाण्याचे समीकरण संतुलित करायला सांगितले आणि आपल्याच पोराने सहगुणक बदलण्याऐवजी पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली दोन लिहिले, तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होते. तिथे शून्यच द्या. चुकीला शून्य आणि बरोबरला गुण, एवढीच आमची मागणी आहे.

दुसरा आक्षेप : शास्त्राला शास्त्राची भाषा लागते. मान्य. पण रटरट शिजणाऱ्या चुन्यापासून 'उष्मादायी' या शब्दापर्यंत मुलीला आणून सोडणे हे काम कोणाचे? शिक्षकाचे. ते काम झाले नाही, म्हणून शिक्षा विद्यार्थिनीला?

हा प्रकार आजचा नाही. चुन्याच्या हौदात कातड्याचे केस काढून बाभळीच्या सालीने ते कमावणे हे पक्के रसायनशास्त्र होते. जातिव्यवस्थेने त्याला ज्ञान म्हटले नाही, विटाळ म्हटले. हे लादलेले धंदे आपण सोडले, ते योग्यच केले. पण हाताने काम करणाऱ्याला कळते ते ज्ञान नव्हे, ही मनुवादी मोजपट्टी लाल पेनात अजून शिल्लक आहे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव गणित सोडवायला फळ्याकडे निघाले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे उचलायला मुले धावली होती. आज डबे कोणी उचलत नाही, पण फळ्यापर्यंत पोहोचलेल्याला हिशेबात न धरण्याची रीत गेलेली नाही.

आणि आपल्यालाही चार शब्द ऐकावे लागतील. कॉपी पुरवायला खिडकीवर चढणारा तरुण समाजाचे भले करत नाही. 2010 च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांच्या काळात नांदेडची कॉपीमुक्ती राज्यभर गाजली. कॉपी बंद झालीच पाहिजे. पण नुसता बंदोबस्त लावून शिकवणे होत नाही. प्रयोगशाळेला कुलूप आणि प्रात्यक्षिक वही उतरवून काढलेली, तर अंतर्गत 20 गुण कशाचे? कॉपी परीक्षेच्या दिवशी सुरू होत नाही, ती त्या वहीपासूनच सुरू होते.

म्हणून प्रत्येक वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी एवढे करावे. सराव परीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका मुलांच्या हातात द्या, ही मागणी घेऊन पालकांसह मुख्याध्यापकांकडे जा. प्रत्येक उत्तराचे टप्पे पाडून मुलांनाच एकमेकांचे पेपर तपासायला लावा. अर्धा गुण कुठे गेला हे ज्याला कळते, तो पुढच्या वेळी तो सोडत नाही. प्रश्न कोरा ठेवू देऊ नका. निकालानंतर शंका असेल तर लातूर विभागीय मंडळाकडे छायाप्रत मागा, मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. मुदत थोडी असते आणि शुल्क मजुराच्या खिशाला जड असते. जयंतीच्या डीजेच्या बिलातला एक हिस्सा त्यासाठी बाजूला काढा.

विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून याच नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांनी जीव दिला. त्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आपली लेक उभी राहायची असेल, तर लढाई दहावीच्या या अर्ध्या गुणापासून लढावी लागेल. बाबासाहेबांच्या त्रिसूत्रीतला पहिला शब्द 'शिका' आहे. शिकलेल्याचे मोल बरोबर केले जाते की नाही, हे तपासणेही त्यातच येते.

जय भीम!