स्मृतीचे तीन डाव, जेमिमाचा एक सामना आणि चाहत्यांचा निवाडा

उंब्रज - पुणे-बंगळूर महामार्गावरील या गावात क्रिकेटची चर्चा एस. टी.ची वाट पाहताना सुरू होते आणि गाडी आली तरी संपत नाही. पूर्वी ती सचिन आणि द्रविडभोवती फिरे. २०२५ च्या महिला विश्वकरंडक स्पर्धेत मात्र ती सांगलीच्या स्मृती मानधनाच्या बॅटवर येऊन थांबली होती. उंब्रज सातारा जिल्ह्यात आणि स्मृती सांगलीची. पण १९६० पर्यंत सांगलीचा जिल्हा 'दक्षिण सातारा' म्हणूनच ओळखला जात होता, हे जुन्या पिढीला ठाऊक आहे. त्यामुळे 'आपली पोर' म्हणण्यास कोणाची हरकत नसते आणि आपल्या पोरीवर टीका करण्यासही नसते.

स्पर्धेच्या प्रारंभी या टीकेला धार होती. त्याच सप्टेंबरमध्ये दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५० चेंडूंत शतक ठोकून ६३ चेंडूंत १२५ धावा करणारी स्मृती विश्वकरंडकाच्या पहिल्या तीन सामन्यांत श्रीलंकेविरुद्ध ८, पाकिस्तानविरुद्ध २३ आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २३ धावांवर बाद झाली. तीन डावांत ५४ धावा! मोठ्या स्पर्धेत तिची बॅट चालत नाही, हा जुना आक्षेप लगेच वर आला.

हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. २०१७ च्या इंग्लंडमधील विश्वकरंडकात स्मृतीने पहिल्या दोन सामन्यांत ९० आणि नाबाद १०६ धावा केल्या. त्यानंतरच्या सात डावांत मिळून तिला अवघ्या ३६ धावा करता आल्या आणि लॉर्डसवरील अंतिम सामन्यात ती शून्यावर बाद झाली. तो सामना भारताने नऊ धावांनी गमावला. ही सल ज्यांच्या मनात राहिली, त्यांना तीन अपयशी डाव पुरेसे वाटले, तर त्यात नवल नाही. मात्र २०१७ मध्ये निवड समितीने या आकड्यांवरून तिला बाजूला केले असते, तर पुढच्या आठ वर्षांचा हिशेब काय झाला असता, हा प्रश्न चर्चेत क्वचितच निघतो.

२०२५ मध्ये उत्तर लवकर मिळाले. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ८०, इंग्लंडविरुद्ध ८८ आणि न्यूझीलंडविरुद्ध १०९. स्पर्धेअखेर तिच्या नावावर ४३४ धावा होत्या. तिच्यापुढे होती ती फक्त दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोलव्हार्ट.

तरीही इंदूरच्या ८८ धावांवर चाहत्यांचे दोन तट पडले आणि ते अद्याप कायम आहेत. इंग्लंडच्या २८८ धावांचा पाठलाग करताना विजयासाठी साठहून कमी धावा हव्या असताना स्मृती उंच फटका मारून बाद झाली. भारत चार धावांनी हरला. सामन्यानंतर फटक्यांच्या चुकीच्या निवडीची जबाबदारी तिने स्वतःपासून सुरू करून स्वीकारली. एका तटाच्या मते ८८ धावा करणारीला दोष देणे हा कृतघ्नपणा. दुसऱ्याच्या मते शेवटपर्यंत उभे राहण्याचे काम स्थिरावलेल्या फलंदाजाचेच. आमच्या मते दुसरा तट फलंदाजीबाबत बरोबर आहे, पराभवाच्या कारणाबाबत नाही.

कारण त्या सामन्यातील खरा वाद निवडीचा होता. जेमिमा रॉड्रिग्जला वगळून रेणुका सिंगला घेण्यात आले होते. या निर्णयामागे तर्क होता. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २५१ आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध तब्बल ३३० धावा करूनही भारत हरला होता. पाच गोलंदाज अपुरे पडत होते. त्यातच जेमिमा पहिल्या तीन सामन्यांत दोनदा शून्यावर बाद झालेली. परंतु गोलंदाजीचे भोक बुजवताना फलंदाजीला पडले, आणि चार धावांच्या पराभवात ते स्पष्ट दिसले. पुढच्याच सामन्यात जेमिमा परतली, तिसऱ्या क्रमांकावर आली आणि न्यूझीलंडविरुद्ध तिने नाबाद ७६ धावा केल्या. या वेळी रेणुकाला कायम ठेवून अमनजोत कौरला बसवले गेले. सहावी गोलंदाज आणि जेमिमा, दोन्ही बसवता येत होते तर, असे आता म्हणणे सोपे आहे. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना तिने काढलेल्या नाबाद १२७ धावांनी संघव्यवस्थापनाची ती चूक झाकली गेली.

शफाली वर्माची कहाणी तर निवड समितीच्या हातातली नव्हतीच. ऑगस्टमध्ये जाहीर झालेल्या संघात आणि राखीव यादीतही तिचे नाव नव्हते. बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना प्रतिका रावल जायबंदी झाली आणि शफालीला बोलावणे आले. राखीव यादीत महाराष्ट्राची तेजल हसबनीस होती. तिला डावलल्याबद्दल इकडे कुरकुर झाली. पण तेजल मधल्या फळीत खेळते आणि गरज सलामीची होती, हे मान्य करायला हवे. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत शफालीने ८७ धावा केल्या, दोन बळी घेतले, स्मृतीबरोबर १०४ धावांची सलामी दिली आणि भारत ५२ धावांनी विश्वविजेता ठरला. त्याच वेळी त्या स्पर्धेत ३०८ धावा केलेली प्रतिका चाकाच्या खुर्चीतून जल्लोष पाहत होती. फॉर्म आणि निवड यांचा संबंध किती सैल असतो, याचे याहून बोलके चित्र मिळणे कठीण.

प्रशिक्षक अमोल मुझुमदार यांना हे सांगण्याची गरज नसावी. प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा, मुंबईकडून पदार्पणातच २६०, आणि भारताची टोपी एकदाही नाही.

विजेतेपदानंतर उंब्रजच्या स्थानकावर स्मृतीच्या फॉर्मचा विषय मागे पडला आणि नवा वाद पुढे आला. सोलापूर जिल्ह्यातील किरण नवगिरे हिने विश्वकरंडक सुरू असतानाच, ऑक्टोबर २०२५ मध्ये, नागपूर येथे पंजाबविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना अवघ्या ३४ चेंडूंत शतक झळकावले. महिला टी-२० मधील ते सर्वात वेगवान शतक ठरले. २०२२ मध्ये मोजके आंतरराष्ट्रीय सामने खेळून तिला संघाबाहेर व्हावे लागले होते. एवढ्या अल्प संधीवरून तिला जोखले गेले, हे आता तेच लोक तावातावाने सांगतात, ज्यांनी स्मृतीला तीन डावांवरून निकालात काढले होते.